धरणाआधी गल्लीतली लाइन बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की पुण्यात तीच चर्चा सुरू होते. खडकवासला धरणसाखळीत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उरलं, कपात कधीपासून लागणार आणि मुळशीचं पाणी पुण्याला कधी मिळणार. (त्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, हे आता कुणाच्या गावीही नसतं.) मी परवानाधारक प्लंबर आहे. पेठांपासून धायरी-नऱ्ह्यापर्यंत नळजोडणी करण्यात आयुष्य गेलं. धरणाचं मला पेपरातूनच कळतं, पण रस्त्याखाली काय चाललंय ते हाताने चाचपलेलं आहे. त्या जोरावर सांगतो, पुण्याची पाण्याची निकड धरणात कमी आणि गल्लीतल्या लाइनीत जास्त आहे.

पेठेतल्या एका वाड्यात पाण्याला वास येतो म्हणून बोलावलं होतं. दीड फूट खणलं तर अर्ध्या इंचाचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरमधून आरपार गेलेला. चेंबर तुंबलेला, पाइप त्या घाणीत बुडालेला आणि सॉकेटपाशी गंजून बारीक भोक पडलेलं. पाणी चालू असताना भोकातून बाहेर फवारा उडतो, तोवर फक्त गळती. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो. त्यात गल्लीतल्या दहा घरांनी थेट लाइनीवर मोटारी लावलेल्या. पाणी जायच्या वेळी त्या ओढत राहतात आणि मग त्याच भोकातून चेंबरमधलं आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पहिली बादली पिवळट येते. लोक ती ओतून देतात, पुढचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून पितात. हे फक्त त्या वाड्यातलं नाही. पाणी तासावर सोडणाऱ्या कुठल्याही शहरात हेच होणार.

म्हणून चोवीस तास पाणी हा चैनीचा विषय नाही. पाइपात सतत दाब राहिला तर बाहेरची घाण आत येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. त्यासाठीच्या पालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत ८२ टाक्या, नव्या लाइनी, मीटर असं सगळं ठरलं. टाक्या उभ्या राहतात, त्या दिसतात, त्यांचं उद्घाटन करता येतं. घराघरांतली जुनी जोडणी कापून नव्या लाइनीवर घेणं मात्र किचकट असतं, लोक भांडतात, रस्ता दोनदा उकरावा लागतो, म्हणून तेच काम मागे पडतं. जुनी लाइन बंद केली नाही तर नवीचा उपयोग अर्धाच. गळती ३५ ते ४० टक्के आहे असं पालिकेचेच अधिकारी वेळोवेळी सांगत आलेत. ती गळती धरून ठेवता आली तर याच धरणांच्या कालव्यावर शेती करणाऱ्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला आवर्तनासाठी (कालव्याच्या पाळीसाठी) पुण्याच्या नावाने बोटं मोडावी लागणार नाहीत.

मीटरला विरोध करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सोसायटीत टँकरला हजारो रुपये मुकाट्याने मोजतात आणि मीटर म्हटलं की अंगावर येतात. घरगुती वापराचा पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवा, हे मान्य. पण मोजल्याशिवाय कुठल्या गल्लीत पाणी मुरतंय हे कळणार कसं?

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन बॅरे या हातापायांतलं बळ घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले. आकडा दोनशेच्या आसपास गेला. कितीतरी रुग्णांच्या नमुन्यांत पोटातून शिरणारा जंतू सापडला आणि त्या भागातल्या पाण्याकडे बोटं वळली. त्या दिवसांत जो तो क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाची बाटली घेऊन फिरत होता. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे असा नियम आहे. साथ ओसरली आणि बाटल्या कपाटात गेल्या. प्रत्येक प्रभागात अगदी शेवटच्या नळावरचं क्लोरीन रोज तपासून ते लोकांना दिसेल असं लावायला फार पैसे लागत नाहीत.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तिथे मी काम करतो तेव्हा एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात सेप्टिक टँक दिसतो. आपल्याकडे खाली काळा खडक आहे, पाणी त्याच्या भेगांमधूनच फिरतं. मैलापाण्याला वेगळी वाट कुणी ठेवलेली नाही. आधी इमारत, मग टँकर, मग बोअर आणि सगळ्यात शेवटी ड्रेनेज, हा क्रम उलटा झाला पाहिजे. लाइन नसेल तिथे भोगवटापत्र मिळता कामा नये. इथून जे वाहतं ते मुळा-मुठेतून भीमेला आणि तिथून उजनीला जातं. सोलापूरकर तेच पितात, हेही ध्यानात असू द्यावं.

शौचालयांबद्दल लिहायचं होतं, ते शेवटी राहिलं. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाचं काम आलं की मी आधी वर चढून टाकी बघतो. बहुतेक वेळा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता झडप) तुटलेला असतो. पितळी तोट्या चोरीला जातात म्हणून ठेकेदार प्लास्टिकच्या लावतो, त्यांचा कान महिन्याभरात निखळतो, पाणी वाहत राहतं आणि सकाळी नऊला टाकी कोरडी. मग बायका घरून बादली नेतात. रात्री दिवा नसतो आणि कडीच्या जागी सुतळी. शौचालय आहे, सीटही आहेत, म्हणजे कागदावर सगळं पूर्ण. स्वच्छ भारतच्या निकषात बायकांसाठी २५ जणींमागे एक सीट धरलेली आहे. त्यातल्या किती चालू आहेत, हे कोण मोजतं?

शौचालय बांधलं जातं, दुरुस्ती मागे पडते. पालिकेच्या अंदाजपत्रकात देखभालीसाठी प्रत्येक शौचालयामागे वेगळी रक्कम धरावी, प्रत्येकाला स्वतंत्र नळजोड द्यावा आणि ठेकेदाराचं महिन्याचं बिल ते शौचालय वापरणाऱ्या पाच-सहा बायकांच्या सहीशिवाय पास करू नये. बॉलकॉक चालतो की नाही, हे त्या कुठल्याही अधिकाऱ्याआधी सांगतील.

आपला,
एक प्लंबर, पर्वती, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)