आबासाहेब, आमच्याकडं एक मत बाकी आहे

सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, सप्रेम नमस्कार,

पत्राला फार उशीर झाला. 30 जुलै 2021 ला तुम्ही गेलात आणि मी अजून "लिहू की निवांत" करत बसलेलो. आज लिहितोय कारण अप्पांची कपाटातली जुनी पिशवी आवरताना सूतगिरणीचं ओळखपत्र सापडलं, कडा उसवलेल्या, फोटोत अप्पांच्या मिशा काळ्याभोर.

आधी कबुली देतो. 1995 ला आमच्या घरातली चारही मतं तुमच्या विरोधात गेली. आजोबा, आजी, अप्पा, आई. आजोबांचं म्हणणं होतं की 1962 पासून ह्या माणसाला निवडून देतोय, मधली 72 ची हार सोडली तर, पण आमच्या वस्तीवरचा टँकर काय बंद होईना. राग खोटा नव्हता. आजीनं 72 च्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेले, तिला पाणी म्हणलं की भाषण नको असायचं, पाणीच पाहिजे असायचं. तुम्ही पडलात, तेही थोडक्यात. म्हणजे आमच्यासारखी बरीच घरं असणार.

आणि अप्पा तर तुम्हीच उभ्या केलेल्या गिरणीत कामाला! निकालानंतर पहिल्या पाळीला जाताना त्यांच्या घशाखाली चहा उतरेना, कारण गावात सगळ्यांना सगळं कळतंच. दुसऱ्या एखाद्या तालुक्यात, दुसऱ्या एखाद्या साहेबांच्या कारखान्यात काय झालं असतं हे सांगायला नको. अप्पा संध्याकाळी घरी आले, नेहमीसारखा केसात, भुवयांवर कापूस, आईनं विचारलं काय झालं, तर म्हणले काय नाय, बॉबिन भरली. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, ना तेव्हा ना नंतर. ज्वारी नि डाळिंबाच्या कोरड्या तालुक्यात सूतगिरणी काढायची हेच मुळात धाडस, त्यात ती अशी चालवायची. त्या पगारावर मी एलएलबी झालो, म्हणून हे आभार. थेट तुमच्याच खात्यात.

मी आता कोर्टात उभा राहतो तेव्हा कधीकधी वाटतं, तुम्हीही वकीलच. काळा कोट सांभाळून बसला असतात तर आरामात गेलं असतं आयुष्य. त्याऐवजी लाल बावटा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही, पक्ष आटत गेला तरी. (शेकाप, म्हणजे आपला शेतकरी कामगार पक्ष, इतका का आटला ह्यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं, ते राहिलंच.) एकाच सांगोल्यातून 11 वेळा आमदार, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री, 1999 ला परत मंत्री. आणि प्रवास एसटीनं. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते, वर तशी पाटी असते, आख्ख्या महाराष्ट्रात त्या सीटवर बाकी सगळे बसतात कारण आमदार काय कधी येत नाही. आमच्याकडं त्या पाटीला अर्थ होता एवढंच सांगतो.

पाण्याचं पण बोललं पाहिजे, नाहीतर आजी वरून ओरडेल. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांना तुम्ही उभे राहिलात, कृष्णेचं पाणी 13 दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे म्हणून, तेव्हा बरेच लोक हसायचे की पाणी काय डोंगर चढतंय व्हय. टेंभू, म्हैसाळ योजनांचं पाणी उपसा करून चढलं. उशिरा चढलं, सगळीकडं पोचलं असं अजूनही मी म्हणणार नाही, पण चढलं.

बाकी हिशोब असा आहे. 1999 ला आमची मतं तुम्हाला परत आली, पण तीनच, आजोबा आदल्या वर्षी गेले होते. मी 2009 ला पहिल्यांदा मतदान केलं ते तुम्हालाच, आणि ते मी आजोबांच्या नावावर जमा धरलं. अप्पांना ते मान्य नाही. ते म्हणतात तुझं तुझं, त्यांचं त्यांचं, एक बाकीच आहे.

आपला,
अप्पांचा थोरला