तरवा पिवळा, की लगेच युरिया?

संपादक महोदय,

वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचा तरवा (लावणीसाठी वाढवलेली कोवळी रोपे) डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पिवळा पडला की लगेच युरिया फेकला जातो. दुखणे बहुधा खताचे नसतेच. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. थंडीत नवे पानच फिकट निघते, कधी त्यावर आडवा पांढरट पट्टाही दिसतो. रात्री पारा 12-13 अंशांवर उतरला की कोवळ्या पानात हरितद्रव्य नीट तयार होत नाही, गारठलेली मुळे अन्न उचलत नाहीत. वर सकाळी लख्ख ऊन! पान प्रकाश घेते, पण साखर बनवणारी विकरे मंदावलेली असतात; न वापरलेला प्रकाशच मग पानाला इजा करतो.

भाताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे पाण्याची ऊब मोलाची. संध्याकाळी विहिरीचे कोमट पाणी 3-5 सेंटिमीटर भरावे, सकाळी सोडावे. पाटाचे गार पाणी रात्री नको. प्लास्टिकचा कागद कमानींवर घालावा, पानांना टेकू देऊ नये आणि ऊन चढताच काढावा, नाहीतर तरवा उकडतो. बी 24 तास भिजवून, गोणपाटात मोड आणूनच पेरावे.

21 दिवसांच्या रोपांची लावणी हा हिशेब पावसाळ्यातला. थंडीत एकेक पान उशिरा सुटते. लावणी 4-5 पाने मोजून करावी. युरिया द्यायचाच तर नवे पान हिरवे निघू लागल्यावर.

– एक वाचक, कुडाळ