उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

माझ्या बीएमएक्सला, म्हणजे 20 इंची चाकांच्या छोट्या सायकलला, मोटर बसली, त्यावर एक अख्खा कोल्हापुरी पावसाळाही गेला. आभार मानायला आलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

किट सगळीकडे मिळतं. 36 व्होल्टची बॅटरी, चाकाच्या मधोमध बसणारी 250 वॅटची हब मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर, वेग वाढवायचा थ्रॉटल. पण ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी सायकल असते. बीएमएक्सच्या मागच्या, चाक धरणाऱ्या चिमट्यात जागा 110 मिलिमीटर, मागची मोटर मागते 135. शिवाय मागची खाच 14 मिलिमीटरच्या ॲक्सलसाठी, आणि मोटरचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी तासून 10 वर आणलेला, म्हणजे तो खाचेत खुळखुळणार. चिमटा फाकवून देणारे दुकानदार मला भेटले होते. तुम्ही सायकल उलटी केली, माप घेतलं आणि म्हणालात, "मागं नको. पुढचा चिमटा लोखंडी आहे, 100 चा आहे, तिथं बसवू."

त्यानंतरचं काम मी जन्मात विसरणार नाही. "मोटर चाकाला जेवढी पुढं ढकलते, तेवढीच ॲक्सलला उलटी पिळते," हे तुम्ही पाना हातात घेऊन दाखवलंत. नुसत्या नटावर भरवसा ठेवला तर खाच उघडते, ॲक्सल फिरतो, वायरी तुटतात आणि पुढचं चाक निसटतं. तो पीळ अडवायला तुम्ही 6 मिलिमीटर जाडीच्या पट्टीत ॲक्सलच्या मापाची खाच पाडलीत, आणि ती कानशीनं एवढी नेमकी घासलीत की पट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यानंच आत गेली. दुसरं टोक चिमट्याच्या नळीला क्लॅम्पनं आवळलंत. तसल्याच दोन पट्ट्या, डावी-उजवी. इंजिनिअरिंगच्या वर्गात क्रिया-प्रतिक्रिया मी शिकलो होतो, पण ती बोटांना कळली तुमच्या त्या पट्टीमुळे.

सायकलला मागं एकच ब्रेक होता. पुढचा ब्रेक लागेपर्यंत तुम्ही बॅटरीची पिन जोडू दिली नाहीत. लिव्हर दाबताच मोटर बंद पडेल असा स्विचही घालून घेतलात. वायरी कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी खाली वळसा देऊन बांधल्यात, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. जुलैच्या झडीत कंट्रोलर कोरडा राहिला तो त्या वळशामुळे.

आता वेगाचं. 26 इंची चाकात ताशी 25 किलोमीटर धावणारी मोटर 20 इंचीत 19 च्या आसपास जाते, पण चढाला ढकलते सव्वापटीहून जास्त. विद्यापीठाकडचा चढ मी पायडल मारत, न धापता चढतो. कमी वेगाची मला खंत नाही.

त्या दोन पट्ट्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. भंगारातल्याच होत्या म्हणालात. मामा, पट्टी भंगारातली असेल, पण अर्धा दिवस तुमचा लेथ माझ्यासाठी थांबला होता. त्याबद्दल मनापासून आभार.

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा येईल. त्याच्या सायकलला पुढं ॲल्युमिनियमचा शॉकअप आहे, तिथं मोटर बसवायची नाही एवढं मी त्याला सांगितलंय. बाकीचं तुम्ही बघा.

तुमचा,
हिरव्या बीएमएक्सवाला