नकलाकार ‘इतर कलाकारां’त का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचे पत्र आले होते. मिमिक्री म्हणजे उसन्या आवाजावर टाळ्या घेणे, त्यात कला ती कसली, असा त्यांचा सूर होता. त्यांचा मान राखून, पण अगदी मनापासून, मला उलटे लिहायचे आहे.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या खणभागातल्या मंडळाने ऑर्केस्ट्रा ठेवला होता. दोन गाण्यांच्या मध्ये एक तरुण नकलाकार आला. सडपातळ, खिशाला पेन लावलेला, एखाद्या गावचा तलाठी वाटावा असा. त्याने आमच्याकडे पाठ केली, एक खांदा जरा खाली सोडला, मान तिरकी केली. तोंडातून शब्द निघायच्या आतच मागून पोरे ओरडली, “निळूभाऊ!” निळू फुले २००९ साली गेले. ओरडणाऱ्यांतली बरीच पोरे त्यानंतर जन्मलेली. आवाज नंतर आला, ओळख नुसत्या खांद्यावरून पटली होती.

मग त्याने निळूभाऊंना आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला बसवले. निळूभाऊ अडते आणि समोर नाना पाटेकर शेतकरी. अडत्या हळकुंड मोडून बघतोय, वास घेतोय, सावकाश, घशातल्या घशात दर सांगतोय. शेतकरी दोन्ही हात हवेत फेकत, शब्दावर शब्द चढवत, घाम कशाला म्हणतात ते त्याला सुनावतोय. माझ्या शेजारचे गृहस्थ स्वतः हळद करणारे. हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “परवा मला हेच बोलायचं होतं, पण तोंडातनं शब्द फुटला नाही.”

नकलेची खरी गोडी मला इथे दिसते. हुबेहूब आवाजच ऐकायचा तर मोबाइलवर मूळ माणूस आहेच. नकलाकार त्या माणसाला आपल्या गल्लीत आणतो, आपल्या बाकावर बसवतो, आपल्या तोंडचे बोलायला लावतो. आणि तो त्याचे सगळे उचलत नाही. व्यंगचित्रकार नेमके नाक धरतो, तसा हा एखादा हुंकार, एखादा श्वास, वाक्याच्या शेवटी सोडून दिलेला सूर तेवढा धरतो. कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम त्या मुलाला गाठले. तो म्हणाला, “काका, आवाज महिन्याभरात बसतो. माणूस थांबतो कुठं, ते कळायला वर्ष जातं.” याला उसनवारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तासगावकडच्या एका कार्यक्रमात पाहिलेले तर विसरताच येत नाही. आर. आर. आबांना जाऊन तेव्हा दोनेक वर्षे झाली असतील. नकलाकाराने आबांचे ग्रामस्वच्छतेवरचे भाषण सुरू केले. पहिल्या वाक्याला हशा पिकला. चौथ्या-पाचव्या वाक्याला मांडव गप्प. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. त्याने आवरते घेतले तेव्हा टाळ्या वाजायच्या आधी मागून कुणीतरी म्हणाले, “अजून थोडं बोल की.”

हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले ते याच सांगलीत. बालगंधर्व मूळचे नागठाण्याचे, आणि त्यांचे चालणे-नेसणे पाहून घरंदाज बायका त्यांची नक्कल करू लागल्या. कवलापूरच्या जुळ्या भावांनी वगातले हवालदार असे उभे केले, की लहू आणि अंकुश खाडे ही नावे मागे पडून ते कायमचे काळू-बाळू झाले. पोलिसाच्या वेशात दारात येऊन दरडावणारा बहुरूपी माझ्या पिढीने तरी पाहिला आहे. आम्ही घाबरायचो, मग हसायचो, आणि आई त्याच्या झोळीत सुपातले धान्य घालायची.

वाईट नकला होतात, हे मान्यच. कुणाचे तोतरे बोलणे, कुणाचे लंगडणे, किंवा पुरुषाला साडी नेसवून केलेला आचरटपणा मलाही बघवत नाही. पण बेसूर गायक निघाला म्हणून आपण गाण्याला नावे ठेवत नाही.

आता विनंती. मंडळांच्या पत्रिकेत, फ्लेक्सवर आणि मग आपल्या बातमीतही गायक-गायिकांची नावे असतात, निवेदकाचे असते. नकलाकार मात्र ‘मिमिक्री व इतर कलाकार’ एवढ्यात उरकला जातो. त्या रात्री मी त्या मुलाला “नाव काय?” असे विचारले, तर त्याने आधी दोन नटांची नावे सांगितली. त्याला वाटले, कुठला आवाज आवडला ते मी विचारतोय. मी म्हटले, “तुझं नाव, बाळ.” तेव्हा तो जरा थांबला आणि मग सांगितले.

त्याला विचारूनच त्याचे नाव आणि गाव सोबतच्या चिठ्ठीत आपल्यासाठी लिहून पाठवत आहे. यंदाही तो आमच्या मंडळात येणार आहे. बातमी छापताना तेवढे नाव घ्यावे.

आपला नम्र,
एक जुना वाचक, खणभाग, सांगली