सिस्टर, तुमचे आभार
लेक आठ दिवसांची असताना काविळीसाठी रक्त घेतलं, तेव्हा आम्हाला दाराबाहेर थांबवलं होतं. ते रडणं अजून कानात आहे. म्हणून परवा सात रस्त्याजवळ दीड महिन्याची लस द्यायला नेलं, तर माझेच हात कापत होते.

तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, टेबलावर झोपवू नका. आधी पाजायला घ्या.” माझ्याभोवती स्वतः ओढणी धरली. बाहेर एवढी रांग, तरी लेक नीट चुटूचुटू पिऊ लागेपर्यंत थांबल्या, मगच मांडीत सुई. एकदा कळवळली, परत प्यायला लागली. दुसऱ्या मांडीलाही तसंच. “लगेच सोडवू नका, पिऊ द्या.” पाजताना बाळाला दुखणं कमी जाणवतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

सिस्टर, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.