पहिल्या उष्णता-उपचाराआधी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, फोनवर तू विचारलंस, "रेडिएशन आहे ना, मग वर हा शेक कशाला?" हा शेक नव्हे. घरचा शेक कातडीपुरता असतो. इथे मायक्रोवेव्हने छातीवरच्या कॅन्सरच्या गाठी साधारण तीन सेंटीमीटर खोलीपर्यंत ४१ ते ४३ अंश सेल्सियसवर नेतात आणि तासभर तिथेच धरतात. किरणं पेशीचा डीएनए तोडतात. पेशी काही तासांत तो सांधून घेते. तापलेल्या पेशीला हे सांधणं नीट जमत नाही. शिवाय गाठीतल्या प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना फारशी दाद देत नाहीत, पण उष्णतेपुढे त्याच लवकर मरतात. तुझ्या त्या जागेला पूर्वी रेडिएशन झालंय, त्यामुळे पुन्हा पूर्ण डोस देता येत नाही. म्हणून ही जोड.

१९९६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरवरच्या पाच चाचण्यांतल्या ३०६ रुग्णांचा एकत्रित निष्कर्ष छापला गेला. नुसत्या रेडिएशनने ४१ टक्के रुग्णांच्या गाठी पूर्ण गेल्या, उष्णतेच्या जोडीने ५९ टक्के रुग्णांच्या. आधी रेडिएशन झालेल्या जागी गाठ परतलेल्यांना सर्वांत जास्त फायदा दिसला. आयुष्य वाढल्याचं मात्र दिसलं नाही. तुमच्यापासून हे मी लपवणार नाही. पण गाठ फुटून छातीवर जखम होऊ नये, हेसुद्धा माझ्या दृष्टीने फार मोठं आहे.

आई, तुझी सोसायची सवय इथे घातक आहे. यंत्र आणि कातडी यांमध्ये पाण्याची पातळ पिशवी ठेवतात. तिच्यात पाणी फिरत राहतं आणि कातडीचं तापमान आवरतं. तिच्याखाली हवेचा बुडबुडा राहिला, पिशवी नीट टेकली नाही किंवा घामाचा थेंब साचला, तर तेवढीच जागा भलतीच तापते. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला इजा व्हायला निम्माच वेळ लागतो. तापमान मोजायला कातडीवर बारीक तारा चिकटवतात, कधी गाठीतही नळी घालतात, पण दोन तारांमधली जागा त्यांना दिसत नाही. ती तुलाच कळणार. टोचलं, चटका बसला, की त्याच क्षणी सांग. ते पॉवर कमी करतील, पिशवी सरकवतील, उपचार चालूच राहील.

आणि व्रणाच्या कडेला, काखेकडे तुला स्पर्श कळत नाही ना? तिथे चटकाही कळणार नाही. पहिल्याच दिवशी बोट फिरवून ती बधिर जागा दाखव, म्हणजे तिथे जास्त तारा लावतील. त्या दिवशी छातीला तेल-मलम लावू नकोस, अंगावर धातूचं काहीही ठेवू नकोस आणि पाणी भरपूर पी.

बाबा, तुम्हाला पेसमेकर आहे. यंत्र चालू असताना त्या खोलीत पाऊलही टाकू नका. बाहेर बसून वहीत दोन वेळा लिहा: रेडिएशन कधी संपलं आणि तापवणं कधी सुरू झालं. हे अंतर जितकं कमी तितकं बरं. यंत्र बिघडून खोळंबा झाला, तर नुसते वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना विचारा. उष्णतेची एखादी खेप चुकली तर ती दुसऱ्या दिवशी भरून काढायला सांगू नका. एकदा तापलेल्या पेशी दोन-तीन दिवस उष्णतेला निगरगट्ट होतात, म्हणूनच दोन खेपांमध्ये निदान ४८ ते ७२ तास सोडतात.

घरी आल्यावर लाली दिसेल. ती तासा-दोन तासांत ओसरते. फोड आला तर फोडू नका, बर्फ लावू नका. कातडीखाली दुखरी, कडक गाठ हाताला लागली तर घाबरू नका. बहुतेकदा ती भाजलेल्या चरबीची असते आणि काही आठवड्यांत विरते. पण पुढच्या खेपेआधी ती दाखवाच, कारण त्यानुसार यंत्राची मांडणी बदलावी लागते.

तुमची लेक