पेट्रोल पंपाच्या टाकीतलं पाणी

संपादक महोदय,

‘पेट्रोलात आता उसाची दारू मिसळतात, म्हणून गाड्या बंद पडायल्यात,’ हे अंबाजोगाईत चहाच्या टपरीवर रोज कानावर पडतं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

जमिनीतून पेट्रोल म्हणून काही निघत नाही. कच्चं तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून मनोऱ्यात सोडलं, की वरच्या भागात नाफ्था नावाचं हलकं तेल मिळतं. ते तसंच वापरलं तर इंजिन टकटक करील. म्हणून त्यातलं काही प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेऊन ऑक्टेन, म्हणजे टकटक न होऊ देण्याचा गुण, वाढवतात, जड तेलाचे रेणू फोडून आणखी माल काढतात, गंधक १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा) आत आणतात आणि मग हे सगळं मापात मिसळतात. येसरात जसं एकच धान्य नसतं, तसंच हे. इथेनॉल, म्हणजे टपरीवरची ती ‘उसाची दारू’, मात्र रिफायनरीत न मिसळता पंपांना माल पुरवणाऱ्या डेपोत मिसळतात, कारण ते पाणी ओढतं आणि लांबच्या पाइपलाइनीत थोडंफार पाणी असतंच.

गोम इथेच आहे. पूर्वी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तरी ते तळाशी पडून राहायचं. उपसणाऱ्या पाइपाचं तोंड त्याच्या वर, गिऱ्हाइकाला पत्ताही नसे. आता थोडं पाणी पेट्रोलात विरून जातं, पण जास्त झालं की तेच पाणी इथेनॉलला घेऊन खाली बसतं. तळाचा थर फुगतो आणि पाइपापर्यंत पोचतो.

मागच्या पावसाळ्यात पेट्रोल भरून निघालो आणि लोखंडी सावरगावच्या अलीकडे मोटारसायकल आचके देत थांबली. मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं. वर पेट्रोल, खाली चार बोटं गढूळ थर. पंपावर बाटली दाखवली, तर ‘सर, गाडी पावसात उभी केली असंल’ म्हणाले.

इथेनॉलने मायलेज थोडं घटतं, हे खरं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात इतका ऊस लावावा का, हा वाद वेगळा. त्यावर पुन्हा कधीतरी.

तूर्त मागणी एवढीच: पावसाळ्यात रोज सकाळी डिपस्टिकला (पंपाच्या टाकीत बुडवून पातळी मोजायच्या काठीला) पाणी ओळखणारी पेस्ट लावून तपासणी व्हावी, तीही गिऱ्हाइकासमोर, आणि घनता लिहितात तिथेच तिची नोंद लिहावी. तोवर पंपाच्या टाकीच्या झाकणाभोवती डबकं दिसलं, की मी गाडी पुढच्या पंपाला नेतो.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)